पत्रकारिताच का शिकायचीय? अर्जासाठी ५०० शब्द लिहायचेत, मदत करा

चौकस_चिमणी

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा सांभाळून घ्या. मी संख्याशास्त्र घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे पत्रकारितेच्या पदव्युत्तर कोर्सला अर्ज करायचाय. अर्जासोबत एक निबंध मागितलाय, तुम्हाला पत्रकारिता का शिकायची आहे, मर्यादा ५०० शब्द. एक मसुदा लिहिला आणि तो वाचून मला स्वतःलाच जांभई आली. सुरुवात टाकतेय, हसू नका:

'पत्रकारिता हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे. समाजातील वंचित घटकांचा आवाज बनून निर्भीड व निःपक्षपातीपणे सत्य मांडण्याची मला लहानपणापासून आवड आहे. वाचन व लेखन हे माझे छंद असून मला माणसांशी बोलायला आवडते...'

पुढेही असंच. यात खोटं काही नाहीये पण माझं असंही काही नाहीये. खरी कारणं विचाराल तर ती फार विस्कळीत आहेत, एक म्हणजे अर्धवट कळलेली गोष्ट मला सोडवत नाही, दुसरं म्हणजे कुणी आकडा फेकला की तो आला कुठून हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही (घरी या सवयीचं अजिबात कौतुक नाही), आणि तिसरं, मागच्या वर्षी कॉलेजात एक प्रकार झाला तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. घरचे म्हणतात संख्याशास्त्र शिकून चांगली ॲनालिटिक्सची नोकरी धरायची सोडून हे काय खूळ.

तर जे या लाइनीत आहात किंवा होता, तुम्ही का आलात? आणि निवड करणारे हे निबंध वाचताना बघतात तरी काय?

रात्रपाळी

चिमणे, धागा काढलास ते बरं केलंस. मी डेस्कवर आहे, उपसंपादक म्हणून लागले आणि अजून डेस्कवरच आहे. मधे काही वर्षं एका कोर्सच्या निवड समितीवर बाहेरची परीक्षक म्हणून बसायचे त्यामुळे असे निबंध गठ्ठ्याने वाचलेत. निम्म्याहून जास्त चौथ्या स्तंभापासून सुरू होतात, मग आवाज येतो, मग लहानपणापासूनची आवड. 'निर्भीड' आणि 'निःपक्षपाती' हे शब्द पेपरच्या नावाखाली छापायला ठीक आहेत, माणसाने स्वतःबद्दल वापरायचे नसतात.

आम्ही काय बघायचो, तर या मुलाने आजवर एकदा तरी स्वतःहून काही शोधून काढलंय का. कुणाला फोन केलाय, कुठे जाऊन उभा राहिलाय, एखादा कागद मागून घेतलाय, असं एक वाक्य सापडलं की त्याला मुलाखतीला बोलवायचं. भाषा कशीही असो, भाषा आम्ही घासूनपुसून घेतो. त्यामुळे तो कॉलेजातला प्रकार आधी सांग, बाकीचं नंतर.

मी का आले? मला रात्री जागायची सवय होती आणि चुका दिसायच्या. याहून उदात्त कारण मला अजूनही सापडलेलं नाही.

चौकस_चिमणी

ताई, सांगते. आमच्या कॉलेजची वाचनखोली रात्री आठपर्यंत उघडी असायची ती अचानक पाचला बंद व्हायला लागली, नोटीस लागली की 'विद्यार्थ्यांच्या अल्प प्रतिसादामुळे'. आता पाचनंतर तिथे बसायला जागा मिळत नाही हे मला माहीत होतं पण माझ्या माहीत असण्याला काय किंमत. दाराशी एक रजिस्टर असतं, आत जाताना नाव, वर्ग आणि वेळ लिहायची. तिथल्या मॅडमना विचारलं बघू का, त्या म्हणाल्या बघ की पण इथेच बसून बघ. मग एका अख्ख्या सत्राच्या नोंदी वहीत उतरवल्या, तासावारी लावल्या तर सगळ्यात जास्त नोंदी पाचनंतरच्याच निघाल्या कारण प्रॅक्टिकल तेव्हा सुटतात.

मग प्राचार्यांकडे गेले आणि विचारलं की अल्प प्रतिसाद कशावरून म्हणता. ते म्हणाले पुस्तकं घरी नेणाऱ्यांची संख्या घटलीय. आणि खरंच घटली होती, त्यांनी कागद दाखवला! म्हणजे त्यांचा आकडाही बरोबर होता, फक्त तो दुसऱ्याच गोष्टीचा होता. मी दोन्ही आकडे आणि त्यांचं म्हणणं एका पानावर लिहून भित्तिपत्रकात लावलं. परिणाम एवढाच की आता परीक्षेच्या काळात आठपर्यंत उघडी ठेवतात, एरवी पाचलाच बंद. आणि मला ऑफिसात बोलावून विचारलं की तुला रजिस्टर कुणी बघू दिलं. आकडे बरोबर आहेत का हे काही कुणी विचारलं नाही.

पण ते सगळं करताना मला जी मजा आली ना, ती आजवर कुठल्या निकालाला आली नाही.

रात्रपाळी

निबंध झाला तुझा. हेच लिही. फक्त मॅडमबद्दल एक अक्षर घालू नकोस, 'रजिस्टर पाहायला मिळालं' एवढं पुरे. रजिस्टर कुणी दिलं हे ऑफिसने विचारलं त्यावरूनच कळायला हवं की ती माहिती कुणाला महाग पडू शकते.

कोरडा_पाषाण

थोडं विरजण घालतो. पोरगी हुशार दिसतेय, पण म्हणून पत्रकारितेची डिग्री कशाला? बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं तेव्हा ते विशीत होते, कुठला मास कॉमचा डिप्लोमा करून आले होते? लांब जाऊ, वॉटरगेट घ्या. १७ जून १९७२ ला वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात घरफोडी झाली आणि ऑगस्ट १९७४ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष निक्सनने राजीनामा दिला, मधली बरीचशी खणाखणी वॉशिंग्टन पोस्टच्या ज्या दोघांनी केली त्यातला वुडवर्ड इतिहास आणि इंग्रजी साहित्य शिकून नौदलात नोकरी करून आलेला, बर्नस्टीनने तर कॉलेज अर्धवट सोडलेलं. कादंबरीकार गार्सिया मार्केझ कायदा शिकता शिकता सोडून पेपरात गेला. यादी कितीही वाढवता येईल.

माझं म्हणणं एवढंच की विषय शिका. संख्याशास्त्र शिकलीयस तर त्यातच पुढे जा, अर्थशास्त्र कर, सार्वजनिक आरोग्य कर. बातमी लिहायला सहा महिन्यांत येते, विषय सहा महिन्यांत येत नाही. न्यूजरूममध्ये बातमी लिहिणारे ढिगाने आहेत, ताळेबंद वाचता येणारा एखादाच असतो.

दुसरा_बाक

मी सध्या हाच कोर्स करतेय, दुसरं वर्ष. पाषाणकाका तुमचं अर्धं पटतं, ज्यांना आधी काहीतरी येतं तेच वर्गात पुढे आहेत. पण 'सहा महिन्यांत येते' हे काही खरं नाही. आम्हाला कायद्याचा एक पेपर आहे, त्यात बदनामी, कोर्टाचा अवमान, लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये ओळख उघड न करणं, अल्पवयीन आरोपीचं नाव न देणं असं सगळं येतं. आणि ओळख उघड होणं म्हणजे नुसतं नाव छापणं नसतं. शाळेचं नाव, वडिलांचा व्यवसाय आणि गल्ली एवढं दिलं की शेजारपाजारच्यांना कळलंच. हे कामावर शिकायचं म्हणजे कुणाचं तरी आयुष्य खर्ची घालून शिकायचं.

चिमणी, वर्गाबद्दल सांगते. आमच्यातले बरेच जण कॅमेऱ्यासमोर उभं राहायला आले होते, पहिल्या सत्रात सगळे हातात माइक घेऊन पीटीसी (कॅमेऱ्याकडे बघत बातमी सांगणं) करत फिरायचे. मग असाइनमेंट आली, रस्त्यावर जाऊन अनोळखी लोकांना एक प्रश्न विचारा आणि नाव, वय, व्यवसाय, नंबर घेऊन या. त्या दिवशी कळलं की अनोळखी माणसाजवळ जाऊन 'एक मिनिट' म्हणायला किती पोटात गोळा येतो. काही जणांनी उत्तरं घरी बसून रचली. सरांनी त्या नंबरांवर फोन लावले. पुढचं लिहीत नाही.

आणि एक असाइनमेंट अशी होती ज्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. इंटर्नशिपला असताना अपघातात गेलेल्या एका मुलाच्या घरी जाऊन फोटो आणि दोन वाक्यं आणायला सांगितलं. मी गेले, दार मुलाच्या काकांनी उघडलं, मी नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं, ते म्हणाले आत्ता नको. मी बरं म्हणून परत आले. ऑफिसात सीनियर म्हणाले थांबायचं होतंस खाली, दुसऱ्या पेपरला फोटो मिळाला. कॉलेजात मॅडमना सांगितलं तर त्यांनी त्यावर अख्खा तास चर्चा घेतली आणि वर्ग बरोबर मधोमध फुटला. एक जण म्हणाला की न जाता पोलिसांकडून मिळालेल्या चार ओळी छापल्या असत्या तर ते जास्त निर्दय झालं असतं, कारण मग तो मुलगा फक्त एक आकडा राहतो, आणि काही घरच्यांना बोलायचंही असतं, आपण दारातच ठरवून टाकतो की त्यांना नको असेल. दुसरी म्हणाली तुम्हाला बोलायचं असेल तर माझा नंबर ठेवून जाते एवढंच म्हणायचं आणि निघायचं. मी सध्या त्या दुसरीच्या बाजूने आहे. उद्या बदलेनही. पण असा तास न्यूजरूममध्ये कुणी घेत नाही, तिथे पान सोडायची वेळ झालेली असते.

कोरडा_पाषाण

हे पटलं. कायद्याचा मुद्दाही मान्य. बाकी माझं मत आहे तिथेच आहे.

आकडेमोड

चिमणीचा रजिस्टरचा किस्सा वाचून राहवलं नाही. मी डेटा डेस्कला काम करतो. लोकांना वाटतं शोधपत्रकारिता म्हणजे पार्किंगमध्ये कोटाची कॉलर वर करून भेटणारा माणूस. प्रत्यक्षात ती पुष्कळदा रजिस्टरच असते. अमेरिकेतल्या बॉस्टन ग्लोब या पेपरने जानेवारी २००२ मध्ये चर्चमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची आणि ते दडपल्याची मालिका सुरू केली, त्यात त्यांचा एक मोठा आधार होता चर्चनेच दरवर्षी छापलेल्या डिरेक्टऱ्या. कुठला धर्मगुरू कुठल्या पॅरिशला (चर्चच्या स्थानिक विभागाला) हे त्यात असायचं. ज्यांच्यावर तक्रारी होत्या ते मधेच 'आजारपणाची रजा' किंवा 'नेमणुकीच्या प्रतीक्षेत' असे दिसायला लागायचे. मग टीमने उलटं केलं, वर्षामागून वर्ष त्या डिरेक्टऱ्या उघडून अशा नोंदींची नावं स्प्रेडशीटमध्ये भरली आणि यादी कितीतरी लांब निघाली. पुस्तकं ग्रंथालयात उघड्यावर पडलेली होती, कुणीही बघू शकलं असतं.

२०१६ चे पनामा पेपर्स बघ, पैसा लपवायला वापरल्या जाणाऱ्या परदेशी कंपन्यांची फुटलेली १ कोटी १५ लाख कागदपत्रं, २.६ टेराबाइट. जर्मनीतल्या एका पेपरकडे निनावी माणसाकडून आली, त्यांनी एकट्याने न ठेवता आंतरराष्ट्रीय शोधपत्रकारांच्या संघटनेकडे नेली आणि शंभराहून जास्त माध्यमसंस्थांनी मिळून गुपचूप काम केलं. तिथे तुझ्यासारख्या मुलीला पहिल्या दिवशी काम मिळालं असतं.

'दोन्ही आकडे बरोबर पण वेगवेगळ्या गोष्टींचे' हे तू जे पकडलंस ते मला वाटतं तुझ्या अख्ख्या अर्जातलं सगळ्यात भारी वाक्य आहे. सरकारी, खाजगी, कुठल्याही पत्रकार परिषदेत जा, सरळ खोटा आकडा क्वचित देतात. चुकीच्या प्रश्नाचा खरा आकडा देतात.

वेशीबाहेर

सगळं वाचलं, छान चाललंय, पण एक गोष्ट खटकली ती बोलून टाकतो. 'आवाज बनणं' या गोष्टीची सगळ्यांनी मिळून जी टिंगल लावलीय ती करायला तुमचं नाव आधीपासून पेपरात छापून येत असावं लागतं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तो काही आकडे तपासायची खाज होती म्हणून नाही काढला. बाकीचे पेपर होते की तेव्हा, भरपूर होते, पण त्यांत या माणसांची बाजू येत नव्हती, म्हणून स्वतःचं पाक्षिक काढावं लागलं. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता'. नावातच सगळं आहे.

मी स्वतः या धंद्यात आलो ते याच कारणाने. आमच्याकडची बातमी लागायची तेव्हा फक्त काहीतरी वाईट झालं तरच लागायची आणि तीही लांबून लिहिलेली असायची, लिहिणारा आलेलाच नसायचा. मला ते बदलायचं होतं. आता यात रात्रपाळी ताईंना जांभई आली तर येवो.

रात्रपाळी

वेशीबाहेर, जांभई तुझ्या कारणाला नाही रे, ते कारण नसताना वाक्य वापरणाऱ्याला आहे. तू 'आमच्याकडची बातमी लांबून लिहिलेली असायची' असं लिहिलं असतंस तर मी तुला पहिल्या ढिगात टाकलं असतं. चिमणीने 'वंचित घटकांचा आवाज' लिहिलंय, ते घटक कोण ते तिच्या मसुद्यात कुठेच नाहीत.

वेशीबाहेर

बरं, एवढं मान्य. पण तरी आकडे आणि आवाज अशी दोन पोती करू नका. अमेरिकेतली कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स, तिचं नाव घेतो. मेंफिसमध्ये १८९२ साली तिचा मित्र आणि आणखी दोघं, तिघेही कृष्णवर्णीय, जमावाने मारले. तिने आपल्या पेपरात लिहायला सुरुवात केली, जमावाने पेपरच्या ऑफिसची नासधूस केली, ती परत त्या शहरात राहायला जाऊ शकली नाही. मग तिने काय केलं, तर झुंडबळींचे आकडे आणि त्यांची सांगितली गेलेली कारणं गोळा केली, आणि तीही गोऱ्यांच्याच पेपरांत छापून आलेली घेतली, म्हणजे कुणाला म्हणता येऊ नये की ही वाढवून सांगतेय. त्यावरून तिने दाखवलं की 'गोऱ्या बायकांवर अत्याचार केला म्हणून मारतात' हा जो समज होता तो बहुतेक घटनांना लागूच पडत नाही. पुलित्झरवाल्यांना (अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक) तिची आठवण झाली २०२० मध्ये, मरणोत्तर. तिचा आवाज आणि तिचे आकडे वेगळे काढून दाखवा मला.

आकडेमोड

+१. नाही काढता येणार.

काळजीवाहू_बाबा

मी या क्षेत्रातला नाही, वडील म्हणून लिहितो. माझीही मुलगी हेच म्हणतेय, आणि हा धागा वाचून ती अजूनच चढेल म्हणून तिला अजून दाखवलेला नाही. तुम्ही सगळे पनामा पेपर्सचं कौतुक सांगताय, त्या प्रकरणात माल्टामधली जी पत्रकार बाई लिहीत होती तिची गाडी बॉम्बने उडवली ना? ते कुणी लिहिलं नाही. आणि दुसरं, पगार. आणि तिसरं, नोकरी टिकते का. चिमणीच्या घरच्यांना मी तरी खुळे म्हणणार नाही.

आकडेमोड

बाबा, बरोबर आहे. डॅफ्नी कारुआना गॅलिझिया, १६ ऑक्टोबर २०१७. ते लिहायला हवं होतं. फक्त एवढं जोडतो की ती बरीच वर्षं एकटीच ब्लॉगवर लिहीत होती, आणि तिच्या मृत्यूनंतर वेगवेगळ्या देशांतल्या पत्रकारांनी एकत्र येऊन तिचं अर्धवट राहिलेलं काम पुढे नेलं. बातमी एकाच माणसाच्या डोक्यात असली की त्या माणसाला धोका जास्त असतो, वाटून घेतली की त्याला गप्प करून फारसा फायदा राहत नाही. हल्ली मोठ्या कामात म्हणूनच टीम करतात. याने तुमची काळजी जाणार नाही, जावी असंही नाही.

रात्रपाळी

पगाराचं मी सांगते, गोड करून सांगत नाही. सुरुवात कमी, वाढ हळू, आणि स्ट्रिंगर असाल तर बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल तुमचं. नोकरकपात मी स्वतः बघितलीय, एका दुपारी शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. माझ्यासोबत लागलेल्यांतले निम्मे पीआरमध्ये गेले, काही कंपन्यांच्या कम्युनिकेशनला, आणि मला त्यांचा राग नाही, घर चालवायचं असतं. सणासुदीला आमची सुट्टी नसते कारण दुसऱ्या दिवशी पेपर असतो. लग्नाला जाऊन नऊ वाजता 'निघते हं' म्हणणारी जी पाहुणी असते ती मी.

पण तुमच्या मुलीला धागा दाखवा. न दाखवून ती यायची थांबणार नाही, तयारीशिवाय येईल एवढंच.

नेट_फिरस्ता

सगळं ठीक पण एआय सगळ्या बातम्या लिहिणार आता, हे कुणी बोलतच नाहीये?? कोर्स संपेपर्यंत धंदा तरी राहील का

रात्रपाळी

असोसिएटेड प्रेस ही अमेरिकन वृत्तसंस्था २०१४ पासून कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या मशीनकडून लिहून घेतंय, जग बुडालं नाही. प्रेसनोट वरखाली करून बातमी पाडणाऱ्यांनी घाबरावं, आणि असे आमच्याकडे आहेत हेही खरं. वाचनखोलीचं रजिस्टर कुणी तासावारी लावून ठेवलेलं नव्हतं, ते नेटवर नव्हतंच. पुढचा प्रश्न.

जुना_खिळा

पुढचा प्रश्न नाही, एक गोष्ट सांगतो. छपाईसाठी शिशाचे खिळे जुळवायच्या काळापासून या धंद्यात होतो, आता निवृत्त. चौथा स्तंभ हा शब्द मलाही चावून चोथा झालेला वाटतो पण त्याच्या मागे जी गोष्ट आहे ती चिमणीला माहीत असावी म्हणून लिहितोय, निबंधात घालायला नव्हे.

१९४३ चा बंगालचा दुष्काळ. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसं मरत होती पण सरकार दुष्काळ जाहीर करायला तयार नव्हतं आणि युद्धामुळे सेन्सॉरशिप होती. 'स्टेट्समन' हा इंग्रजांच्या मालकीचा पेपर, संपादक इयन स्टीफन्स हाही इंग्रज. त्याने ऑगस्टमध्ये रस्त्यांवरच्या भुकेल्या आणि मेलेल्या माणसांचे फोटो छापले. मग ते दिल्लीत आणि लंडनमध्ये ज्यांच्या टेबलावर पडले त्यांना आता 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणायची सोय राहिली नाही. उशीर झालाच होता, लाखो माणसं गेली. अमर्त्य सेन त्या काळात लहान मुलगा म्हणून हे बघत होते, आणि पुढे त्यांनी जो मुद्दा मांडला तो असा की चालती लोकशाही आणि मोकळी वृत्तपत्रं असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडत नाही, कारण वरच्या माणसाला वेळेत कळतं आणि कळलं नाही असं म्हणता येत नाही.

आता यात बघा, स्टीफन्सने कुणाचा आवाज वगैरे होण्याची भाषा केली नव्हती. गोष्ट सगळ्यांना दिसत होती, कलकत्त्यात राहणाऱ्या कुणालाही फोटोची गरज नव्हती. ती छापली गेली याला महत्त्व. चिमणी, तुझ्या वाचनखोलीत पाचनंतर गर्दी असते हे तुझ्या सगळ्या मैत्रिणींना माहीत होतंच की. लिहून भिंतीवर लागेपर्यंत ते प्राचार्यांनी दखल घ्यावी असं काही नव्हतं.

चौकस_चिमणी

काका, हे मी दोनदा वाचलं. म्हणजे 'शोधून काढणं' याच्याइतकंच 'सगळ्यांना माहीत असलेलं नाकारता येणार नाही असं मांडणं' पण येतं यात. माझ्या कारणांत हे नव्हतं, आता आहे.

एक विचारू का, इतकं सगळं तपासत बसायचं तर कोर्समध्ये ते शिकवतात कसं? म्हणजे मी रजिस्टर मोजलं ते मला सुचलं म्हणून.

दुसरा_बाक

शिकवतात. आमच्याकडे पहिल्या सत्रात प्रत्येक असाइनमेंटसोबत दुसरा कागद द्यावा लागतो, बातमीतलं प्रत्येक विधान आणि त्यासमोर ते कुठून आलं, कोण बोललं, कधी बोललं, कागद असेल तर कुठला. सुरुवातीला प्रचंड वैताग येतो. नंतर मुलाखत घेतानाच डोक्यात तो दुसरा कागद भरायला लागतो आणि समोरचा बोलत असताना आपण आपसूक विचारतो की हे तुम्ही स्वतः बघितलंत का ऐकलंत.

आणि हे फार जुनं आहे बरं का, करून शिकणं. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात १९०८ मध्ये पत्रकारितेचं कॉलेज निघालं तिथे पहिल्या दिवसापासून मुलांनीच खरा पेपर काढायचा अशी पद्धत होती. आम्ही दर पंधरवड्याला एक काढतो, खपतो फार कमी पण चूक झाली की लोक अचूक सापडतात सांगायला.

रात्रपाळी

डेस्कवर रोजचं काय असतं ते सांगते म्हणजे चिमणीला अंदाज येईल. बातमीत लिहिलंय १२ जखमी, खाली नावं मोजली तर ११. मथळ्यात दर 'दुपटीने वाढला', आत वाचलं तर चारवरून सहा झालाय. वय ३४ आणि मुलगा २२ वर्षांचा, शक्य आहे पण फोन करून विचार. मंगळवारी १४ तारीख लिहिलीय, कॅलेंडर बघ. हे कुणाला बायलाइन (बातमीवर स्वतःचं नाव) देत नाही. 'अमुक तमुकची आकडेमोड तपासली' असं कुठे छापत नाहीत. तुला हे आवडणार असेल तर ये, मला आवडतं.

आणि कुणी हे करत नाही तेव्हा काय होतं तेही बघ. वॉशिंग्टन पोस्टच्या जेनेट कुकने १९८० मध्ये आठ वर्षांच्या हेरॉइनच्या व्यसनी मुलाची कहाणी लिहिली, १९८१ मध्ये पुलित्झर मिळालं. मुलगा अस्तित्वातच नव्हता. पकडली कशी गेली, तर पारितोषिक मिळालं म्हणून इतर पेपरांनी तिची माहिती छापायला घेतली आणि तिने आपल्या शिक्षणाबद्दल दिलेली माहिती जुळेना. पारितोषिक परत करावं लागलं. तिच्या वरिष्ठांपैकी कुणीही त्या मुलाला भेटलं नव्हतं, तिने गोपनीयतेचं कारण सांगितलं आणि त्यांनी ते मानलं. ज्या पेपरने वॉटरगेट केलं त्याच पेपरात, पाषाणराव.

कोरडा_पाषाण

हा टोमणा पोचला. पण कुक बाईंकडे पत्रकारितेची डिग्री असती तर मुलगा खरा झाला असता असं नाही ना. असो, माझी एक सूचना आहे, चिमणी. अर्ज कर, पण मुलाखतीत विचार की पहिल्या वर्षाला तुम्ही एखादा बीट धरून काम करू देता का. आरोग्य, पाणी, शिक्षण, कोर्ट, काहीही. नाही म्हणाले तर दुसरीकडे बघ.

चौकस_चिमणी

चालेल काका, विचारते. सुधारलेली सुरुवात टाकतेय:

'मागच्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वाचनखोलीची वेळ कमी झाली. कारण दिलं होतं अल्प प्रतिसाद. मला प्रवेशाचं रजिस्टर पाहायला मिळालं आणि त्यात अत्यंत वेगळं चित्र दिसलं. महाविद्यालयाचा आकडा चुकीचा नव्हता; तो पुस्तकं घरी नेणाऱ्यांचा होता, माझा आत येऊन बसणाऱ्यांचा. ही तफावत शोधण्यात जे समाधान मिळालं ते पद्धतशीर शिकण्यासाठी मी अर्ज करत आहे. मला कायदा शिकायचा आहे, कारण कुणी माहिती दिली हे विचारलं गेल्यावर काय उत्तर द्यायचं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं...'

आवाजाचं अजून घातलेलं नाही. वेशीबाहेर दादा म्हणतात तसं ते माझं कारण असेल तर ते कामातून येईल, आत्ता लिहिलं तर उसनं वाटेल.

वेशीबाहेर

नको घालूस. पण त्या पाचनंतर बसणाऱ्या मुली-मुलांमध्ये घरी अभ्यासाला जागा नसलेले किती होते हे तू विचारलंस का? रजिस्टरमध्ये ते नसतं.

चौकस_चिमणी

नाही विचारलं. सत्र संपायच्या आत विचारून घेते, अजून तेच लोक येतात तिथे.

रात्रपाळी

'अत्यंत' काढ. 'वेगळं चित्र दिसलं' च्या जागी सरळ आकडे दे, पाचच्या आधी किती आणि नंतर किती, आणि रजिस्टर कुठल्या महिन्यांचं ते लिही. 'समाधान' चालेल, पण तू इथे मजा म्हणाली होतीस. मुलाखतीला ती वही घेऊन जा, टाइप केलेला तक्ता नको, वहीच ने. अंतिम तारीख कधी आहे?